टेकलेली टाच

बॉल पायाशी ठेवा.

अजून हलू नका. नुसता ठेवा.

उजाडतंय. कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानावर, अजून कुणी आलेलं नाही. रात्रीच्या दवानं माती बसली आहे.

इथे पूर्वी तलाव होता, वरुणतीर्थ. अजूनही मोठा पाऊस झाला की या मैदानात पाणी येऊन उभं राहतं. तलाव आपली जागा विसरलेला नाही.

त्या तलावाच्या तळाशी तुम्ही उभे आहात. श्वास घ्या.

सोडा.

आज बूट बाजूला काढून ठेवा. उजवा तळवा बॉलवर टेकवा, अगदी हलका. शिवण लागते का बघा. एक शिवण बोटांखाली येते, दुसरी चवड्याखाली. बॉल गार आहे. त्याचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी. एवढंसं वजन, आणि त्याच्यापायी सगळं गाव स्टेडियमकडे लोटतं.

तळवा पुढे घ्या. मागे घ्या. बॉल तुमच्या श्वासाबरोबर येतो आणि जातो.

घाई नाही.

आता चाला. पावलाच्या आतल्या बाजूनं हलकंच लावा. मग करंगळीच्या बाजूनं. टप. टप. बॉल एका पावलापेक्षा लांब जाऊ देऊ नका. लांब गेला तर रागावू नका. जवळ जा, तळवा ठेवा, थांबा.

आवाज ऐका. जोरात लागलं की आवाज कोरडा येतो. नीट लागलं की जवळजवळ येतच नाही.

त्या न येणाऱ्या आवाजाकडे कान ठेवून थोडा वेळ चाला.

मग हळूच मान वर करा. बॉल नजरेच्या खालच्या काठाशी राहू दे, धूसर. दिसला नाही तरी पायाला तो कळतो आहे. पायावर विश्वास टाका. पहिले काही दिवस हे जमत नाही, मान आपोआप खाली जाते. जाऊ दे. पुन्हा वर करा.

समोर एक पोरगा येऊन उभा राहिला आहे. तालमीतला, सोळा-सतरा वर्षांचा. गुडघ्यात किंचित वाकलेला, अंग तिरकं, दोन्ही हात सुटे. त्याला बॉल काढून घ्यायचा आहे.

तुमचा श्वास वर चढला. चढू दे. तो खाली येईपर्यंत थांबा.

पोराच्या डोळ्यांत बघू नका. त्याच्या कमरेकडे बघा. मग खाली, पावलांकडे.

इथे मला तुम्हाला थांबवून ठेवायचं आहे. बाकी सगळं नंतर शिकता येतं, बॉलवरून पाय फिरवणं, टाचेनं मागे ओढणं. हे बघणं आधी यावं.

बघा, तो चवड्यांवर आहे. टाचा मातीपासून जरा सुटलेल्या. वजन एका पायावर येतं, तिथून दुसऱ्यावर जातं, पुन्हा पहिल्यावर येतं. तराजूची पारडी स्थिर होण्याआधी झुलतात, तसं.

आणि मग कधीतरी एक टाच टेकते.

दिसली?

ज्या पायावर सगळं वजन आलं, तो पाय त्या क्षणी जमिनीचा झाला. तो उचलायचा तर आधी वजन दुसरीकडे न्यावं लागतं. डोळ्यानं पाहिलेलं पायापर्यंत पोचायलाही माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. तेवढ्यात एक दार उघडतं आणि मिटतं.

तालमीतल्या हौद्यात, तांबड्या मातीत, पैलवान हेच हातांनी ऐकतो. समोरच्याच्या मानेवर हात ठेवून तो शोधत असतो, वजन कुठल्या पायावर गेलं. कोल्हापूरच्या फुटबॉल संघांना आजही तालमींची नावं आहेत, पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. मला हे फार योग्य वाटतं. डाव तोच आहे. तिथे तळहात ऐकतो, इथे डोळे.

पुन्हा बघा. वजन येतं. वजन जातं.

आता हूल द्या.

बॉलला पाय लावू नका, लावल्यासारखंही करू नका. फक्त डावा खांदा खाली सोडा. सगळं अंग डावीकडे जाऊ दे. मनही जाऊ दे. अर्ध्या मनानं दिलेली हूल पोराला कळते, तो हलत नाही. तुम्ही खरंच डावीकडे निघालात, तरच त्याचं वजन तुमच्याबरोबर निघतं.

निघालं?

नसेल, तर थांबा. बॉल पायाशी आहे. काही बिघडलेलं नाही.

थांबायचं म्हटलं की मला गारिंचा आठवतो. ब्राझीलमधल्या पाउ ग्रांदे या गिरणीच्या गावातला पोरगा, दोन्ही पाय एकाच बाजूला वाकलेले, एक दुसऱ्याहून आखूड. १९५८ आणि १९६२, दोन विश्वचषक जिंकणाऱ्या संघांत तो उजव्या कडेला खेळला. तो बहुतेक वेळा उजवीकडूनच जायचा. समोरच्यालाही ते ठाऊक असायचं.

तरी तो निसटायचा.

जुन्या चित्रफितींत तो बॉलपाशी चक्क उभा दिसतो. बचावपटूही उभा. बॉल दोघांच्या मध्ये, निश्चल. गारिंचा झुकतो, बॉल जागेवरच. परत सरळ होतो. पुन्हा झुकतो. एवढ्या मोठ्या मैदानावर, हजारो माणसांसमोर, त्याच्याकडे वेळच वेळ आहे.

त्या उभ्या राहण्यात थोडं राहा.

श्वास घ्या. सोडा.

आता परत इथे या. तीच माती, तोच पोरगा. ऊन आता त्याच्या खांद्यापर्यंत आलं आहे. दूर कुणीतरी मैदानाच्या पायऱ्यांवर सायकल टेकवतं.

त्याच्या पावलांकडे बघा.

तुमचा खांदा खाली जातो. त्याची कंबर वळते. वजन निघतं, पोटरीतून उतरतं, घोट्यापाशी येतं.

टाच टेकते.

करंगळीच्या बाजूनं, हलकंच.

आवाज येत नाही. पोराच्या अंगाचा वारा तुमच्या दंडाला लागतो आणि मागे राहतो. पुढे मोकळी माती.

तळवा बॉलवर ठेवा. थांबा.

मागून त्याची पावलं ऐकू येतात. तो वळून तुमच्यासमोर येतो, गुडघ्यात वाकतो, टाचा मातीपासून सुटतात.

"परत," तो म्हणतो.

बॉल पायाशी ठेवा.