शीग

बाकडं करायचं मी ठरवलं ते गुडघ्यामुळं. डॉक्टर म्हणाले, खाली मांडी घालून बसणं आता बंद. घरात प्लास्टिकची खुर्ची आहे, पण तिच्यावर बसलं की मला आपल्याच घरी पाहुणा आल्यासारखं वाटतं. बांधावरची जुनी बाभूळ वळवाच्या वादळात आडवी झाली होती. तालुक्याच्या सॉ मिलवर नेऊन तिच्या फळ्या आणि पायांचे तुकडे चिरून आणले. पोरगा म्हणाला, "आबा, लोखंडी बाकडं आयतं मिळतंय बाजारात. कशाला हात मोडून घेताय?"

मी म्हणालो, "चार पाय आणि वर फळी. ह्यात काय एवढं?"

हे बोललो आणि जरा थबकलो. वाक्य माझं नव्हतं. फार वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं होतं.

करवत, रंधा, पटाशी, गुण्या अशी हत्यारं इकडून तिकडून गोळा केली. शेतकऱ्याला वाटतं, आपल्याला हत्यार नवं नाही. कुऱ्हाड, खुरपं, विळा जन्मापासून हातात. पण कुऱ्हाडीला चार बोटं इकडंतिकडं चालतं, पटाशीला सुताएवढंही चालत नाही. पायाच्या टोकाला कुसू काढायचं आणि फळीला पाडलेल्या भोकात ते गच्च बसवायचं, एवढाच तो सांधा. मी रेघ मारली आणि रेघेवरच करवत धरली. करवतीच्या पात्याची जाडी रेघेनं खाल्ली आणि कुसू भोकात खुळखुळायला लागलं. करवत रेघेच्या बाहेरनं धरायची, हे मला एक पाय वाया गेल्यावर कळलं. भोक एकाच बाजूनं शेवटपर्यंत पाडत नेलं, तर खालच्या अंगाला ढलपाच निघाला. रंधा लाकडाच्या धाग्याच्या उलट मारला, तर गुळगुळीत व्हायच्या जागी फळी कुत्र्यानं चावल्यासारखी दिसू लागली. खिळा ठोकावा म्हटलं तर बाभळीत तो वाकतो, नाहीतर फळी उलते.

आणि सगळ्यात मोठी चूक पहिल्याच दिवशी झाली होती. बाभळीचा ओंडका पाण्यात टाकून मुरवायचा, मग सावलीत वाळवायचा, तेव्हा कुठं त्याला किडा लागत नाही आणि तो वेडावाकडा होत नाही. हे मला ठाऊक होतं. आमच्या लहानपणी विहिरीच्या कडेला असे ओंडके सदा बुडवून ठेवलेले असायचे, आम्ही त्यांच्यावर पाय देऊन सूर मारायचो. पण मला घाई. ओलंच लाकूड घेतलं. फळी उन्हानं पापडासारखी एका कोपऱ्याला उचलली.

तीन आठवडे गेले. तळहाताला फोड आले, फुटले, परत आले. नांगर धरलेल्या हाताला रंध्यानं फोड यावेत याचं मला नवल वाटलं. घट्टे दुसऱ्या जागी होते.

आता ते वाक्य. ते आमच्या आबांचं.

१९७२ च्या दुष्काळात माणदेशात पेरलेलं उगवलं नाही. माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. आमच्याकडं बैलगाडी होती आणि तिच्या भाड्यावर आमची सात तोंडं जगली. त्यातच गाडीचं एक चाक खिळखिळं झालं. गावच्या सुतारानं, त्यांना सगळे नाना म्हणायचे, त्या चाकाचे आरे नव्यानं भरून दिले. तुंबा तोच ठेवला, धाव परत चढवून घेतली. आबा म्हणाले, "नाना, सुगीला बघू." नाना म्हणाले, "बघू की."

पुढं पाऊस झाला, जोंधळा आला, खळं लागलं. बलुतेदार आपापलं न्यायला आले. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' हे १९१५ सालचं पुस्तक मी पुढं वाचलं, त्यात बलुत्याच्या ओळी सांगितल्यात आणि सुतार थोरल्या ओळीत आहे. पण पुस्तकातली ओळ वेगळी आणि खळ्यावरची वेगळी. खळ्यावर अधोली माझ्या हातात होती. मी तेरा वर्षांचा. पहिल्या मापाला "लाभ" म्हणायचं, मग दोन, तीन. बलुत्याचं माप शिगेचं असायचं, म्हणजे वर धान्याचा ढीग राहून चार दाणे घरंगळले पाहिजेत. नाना म्हणाले, "आबा, चाकाचं निराळं काय ते बघा." आबा म्हणाले, "लाकूड माझं, धाव माझी. बारा दांडकी ठोकली, ह्यात काय एवढं?" आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काय समजायचं ते समजलो. पुढच्या मापापासून अधोलीवरनं सपाट हात फिरवायला लागलो. शीग परत राशीत पडायची. चाकाचं निराळं तर राहिलंच, ठरलेलंही पुरतं गेलं नाही. नानांनी पटका पसरून धान्य बांधलं आणि गेले.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी, कडब्यानं भरलेली गाडी ओढ्यात उतरताना चाक बसलं आणि आमचा पवळ्या बैल खाली सापडून पायानं अधू झाला. त्याला विकावं लागलं. आबा दोन दिवस जेवले नाहीत. पण तो वेगळा विषय.

बाकडं करता करता हा हात मला सारखा दिसायला लागला. म्हणतात, राबणाऱ्याला राबणाऱ्याची किंमत कळते. मीही तसंच समजत होतो. पण आबा माझ्या दुप्पट राबलेले. घाम त्यांना नवा नव्हता. तरी नानांचं काम त्यांना "दांडकी ठोकणं" दिसलं. आज मी कांदा घेऊन बाजारात जातो, व्यापारी ढिगातला एक कांदा उचलतो, चुरगाळतो आणि चार महिन्यांच्या पाण्याची, रातपाळीच्या विजेची, बायकांच्या खुरपणीची किंमत एका बोटानं सांगतो. माझ्या मस्तकात जातं. पण त्याची जी नजर कांद्यावर, तीच आमची चाकावर होती. मग दुसऱ्याच्या कामाचं मोल करायचा अधिकार कुणाला? ज्यानं ते करून बघितलं त्यालाच, असं म्हणावं, तर जगात एकही व्यवहार व्हायचा नाही. हे मी रात्री बायकोला बोललो. ती म्हणाली, "मग उद्या पहाटं उठून भाकरी थापून बघा. चाळीस वर्सं शीग पुसून खाताय." मी गप्प बसलो.

आणि दुसरं असं, की मी पोर होतो हे खरं. बापाचा डोळा मोडायची माझी छाती नव्हती, हेही खरं. पण शीग परत राशीत पडली तेव्हा मला बरं वाटलं होतं. आपलं धान्य वाचलं म्हणून. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

नाना अजून आहेत. नव्वदीला आलेत, डोळे गेलेत. मोटारसायकलवर जोंधळ्याचं एक पोतं बांधलं, बाकड्याचा बिघडलेला एक पाय बरोबर घेतला आणि गेलो. नानांनी पाय हातात घेतला, कुसवावरनं अंगठा फिरवला, नाकाशी नेला.

"भिजत घातली न्हवतीस."

"न्हाई नाना."

ते हसले. मग मी खळ्याचं सांगितलं. त्यांना आठवत होतं. म्हणाले, "दुष्काळ हुता, समद्यांचंच तसं." थोडा वेळ तसाच गेला. मग म्हणाले, "पुढल्या साली तुमचं दुसरं चाक भरलं, ते मी असल्याच कच्च्या लाकडानं. तुझ्या बानं शीग पुसली, मी लाकूड मुरवलं न्हाई. म्हटलं, फिटलं." परत थांबले. "बैलाचं कळलं तवा चार दिस वाकस हातात धरवंना."

मला काय बोलावं सुचेना. आबा मरेपर्यंत ओढ्याला दोष देत होते.

"पोत्यात किती हाय?" नानांनी विचारलं.

"मापलं न्हाई."

सूनबाईंनी पोतं आत ओढून नेलं. नानांनी पाय परत चाचपला आणि म्हणाले, सांधा ढिला हाय तर पाचर मार. पाचर वाळल्या बाभळीची घे, वल्ली घेऊ नगंस. करवतीनं कापू नगंस, धाग्यानं फोडून काढ. आणि बाकडं उन्हात ठेवू नगंस.