उपदेश करावा की विचारावे?

वारकरी बंधुभगिनींनो, दुसऱ्याचे व्यसन सुटावे अशी तळमळ असली, म्हणजे त्याला फैलावर घेण्याचा अधिकार आपल्याला मिळतो काय? या बाबतीत आम्ही स्वतः चुकलो आहोत, म्हणूनच हा प्रश्न मांडतो.

आमच्या दिंडीतल्या एका माळकऱ्याने आषाढीला तंबाखू सोडण्याचा शब्द दिला. कार्तिकीला त्याच्या कमरेला पुन्हा चंची दिसली. आम्ही चारचौघांत बोललो, "माउली, पांडुरंगापुढचा शब्द असा मोडता? मग माळ कशाला घातली?" तो गप्प राहिला. घरी गेला आणि माळ काढून खुंटीला टांगली. पुढच्या आषाढीला दिंडीत तो नव्हता. तंबाखू राहिली ती राहिलीच, वारी मात्र सुटली!

हल्ली आहार, व्यायाम, व्यसनमुक्ती यांसाठी माणसाच्या सोबत राहणारे आरोग्य-मार्गदर्शक असतात. त्यांना 'हेल्थ कोच' म्हणतात. त्यांची एक मुख्य पद्धत विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली मांडली; पुढे १९९१ साली स्टीफन रोल्निक यांच्यासह त्यांनी तिच्यावर ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, व्यसनी माणसाच्या मनात आधीच दोन पक्ष भांडत असतात, सोडावे आणि सोडू नये. आपण 'सोड' हा पक्ष धरून तुटून पडलो, की त्याच्या वाट्याला दुसराच पक्ष उरतो. आणि तो बोलता बोलता त्याला तोच पटू लागतो. १९९३ साली मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की सल्लागार जितका अंगावर गेला, तितके त्या माणसाचे पिणे वर्षानंतरही अधिक होते. म्हणून विचारावे, ऐकावे, आणि सोडण्याचे कारण त्याच्याच तोंडून निघू द्यावे.

प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी १९८३ साली सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास करून या बदलाच्या पायऱ्या सांगितल्या. माणूस वर चढतो, घसरतो, पुन्हा चढतो. घसरणे हा या वाटेचा शेवट नव्हे.

कोणी म्हणेल, तुकोबारायांनी कठोर शब्द वापरले नाहीत काय? वापरले, पण तो कोरडा त्यांनी आधी स्वतःवर ओढला. आमच्या शब्दांत कळवळा किती होता आणि दिंडीत आपले वजन दाखवण्याची हौस किती होती, हे पांडुरंगच जाणे.

दुसरी शंका अधिक बारीक आहे. गोड प्रश्न विचारून माणसाला आपल्याला हवे तिकडे वळवणे ही लबाडी नव्हे काय? हित आपले असेल तर लबाडीच. हित त्याचे असेल आणि 'नाही' म्हणण्याची त्याला खरोखर मोकळीक असेल, तर ती सेवा आहे. मिलर आणि रोल्निक यांनीही आपल्या पद्धतीच्या अंगांत करुणा मोजली आहे. करुणेवाचून ही विद्या म्हणजे बाजारातला गोडवा!

तरी एक गोष्ट आम्ही आपल्या पदरची सांगू. इच्छा माणसाची स्वतःची हवी, हे खरे. पण ती टिकायला संगत लागते. एकट्याने वीस मैल चालणे जड जाते, टाळमृदंगात ते कळतही नाही.

गेल्या माघात आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. आधी माफी मागितली. मग एवढेच विचारले, "माउली, तलफ केव्हा येते?" ते म्हणाले, "जेवण झाल्यावर, अन् रात्री पाणी धरताना." थोड्या वेळाने त्यांनीच ठरवले, "जेवण झालं की चंचीऐवजी बडीशेप घीन, अन् हरिपाठाला बशीन. रात्रीचं मग बघू."

रात्रीची तंबाखू अजून सुटलेली नाही. पण माळ खुंटीवरून गळ्यात आली आहे. आम्हीही एक नेम धरला आहे, बोलण्याआधी विचारण्याचा. तो आमच्याकडूनही अधूनमधून मोडतो. तेव्हा त्या माउलीने आम्हाला सांभाळून घ्यावे.

रामकृष्णहरी!