रिता जलाशय



एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ते दिवस आपण विसरलेलो नाही. पहिल्या फेरीत १० वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. पाऊस कमी पडला होता, हे खरेच. पण मांजरा धरणातून शहराने, कारखान्यांनी आणि उसाने वर्षानुवर्षे घेतले; ते भरते किती, याची चिंता फारशी कोणी केली नाही, हेही तितकेच खरे.

हे आठवले ते नांदेडच्या एका भगिनीमुळे. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सेवा ती तीन वर्षांपासून करते आहे. ती म्हणाली, "नमाजला उभी राहते, पण मनात काहीच उमटत नाही. माझा ईमान तर गेला नाही ना?"

तिच्या ईमानाला काहीही झालेले नाही. तिच्याकडून सर्वांनी घेतले. तिला कोणी भरू दिले नाही.

दिव्य कुरआनच्या 'बनी इस्राईल' अध्यायात (१७:२९) खर्चाविषयी बोलताना अल्लाहने दोन टोके वर्ज्य केली आहेत. हात मानेला बांधूनही ठेवू नये आणि पूर्ण मोकळाही सोडू नये. अन्यथा माणूस निंदित व 'महसूर' होऊन बसतो. चालून चालून ज्याच्यात पुढे पाऊल टाकण्याचेही त्राण उरत नाही, अशा जनावराच्या अवस्थेशी भाष्यकारांनी या शब्दाचा संबंध जोडला आहे. आयत संपत्तीविषयी आहे. पण शरीराची शक्ती हीदेखील अल्लाहचीच ठेव नव्हे काय?

माननीय सलमान फारसी (रजि.) आपले बंधू अबू दरदा (रजि.) यांच्या घरी गेले, तेव्हा दिवसा रोजे आणि रात्रभर नमाज असा त्यांचा क्रम होता. पत्नीकडे लक्ष नव्हते. सलमान (रजि.) यांनी त्यांना आपल्याबरोबर जेवायला लावले, रात्री दोनदा परत झोपवले आणि रात्रीच्या अखेरच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज अदा केली. पालनकर्त्याचा, स्वतःच्या जिवाचा आणि कुटुंबाचाही आपल्यावर हक्क आहे, असे त्यांनी समजावले. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कानी हे गेले, तेव्हा त्यांनी सलमान (रजि.) यांचे म्हणणे खरे ठरवले.

कोणी म्हणेल, अन्सारांनी तर स्वतः गरजवंत असूनही इतरांना प्राधान्य दिले (५९:९). होय, परंतु ते त्यांनी आपखुशीने दिले. कोणी त्यांच्याकडून वसूल केले नव्हते. आपल्या घरांत त्याग बहुधा सुनेच्या वाट्याला येतो आणि पुण्याचा हिशेब मुलगा मांडतो. आईच्या सेवेचे मूळ कर्तव्य मुलाचे आहे. सून करते ते तिचे औदार्य होय. प्रेषित (स.) घरात असताना घरकामाला हातभार लावत, असे माननीय आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे.

त्या भगिनीच्या पतीशी बोललो. प्रथम तो रागावला, मग बराच वेळ गप्प राहिला. आता असर ते मगरिब आईजवळ तो बसतो. ती त्या वेळात काय करते, असे विचारले तर हसून म्हणाली, "पहिले चार दिवस नुसती झोपले."