अंग कोणते, प्रधान कोणते?

न्याय म्हणजे सर्वांस एकच माप, अशी समजूत लोकांत फार रूढ आहे. वाण्याच्या दुकानात ती खरीही आहे. गरिबाला एक किलो आणि सावकाराला दुसरा किलो, असे झाले तर त्यास आपण लबाडी म्हणतो. पण तेच माप हाती घेऊन घरातील माउली वाढायला बसली, आणि दिवसभर नांगर धरलेल्या बापाच्या ताटात व तीन वर्षांच्या पोराच्या ताटात मोजून सारखाच भात घालू लागली, तर तिला कोणी न्यायी म्हणणार नाही. बाप उपाशी राहील आणि पोराचे पोट दुखेल. दोन्ही ठिकाणी न्यायच करावयाचा आहे, परंतु न्यायाचे रूप निराळे आहे. कोठे कोणते रूप, हे ओळखणे यालाच विवेक म्हणतात.

कर्जत-खालापूर भागात सप्ताहाच्या निमित्ताने आमचे जाणे-येणे असते. आरती झाली की चार मंडळी पारावर बसतात आणि शंका विचारतात. हल्ली एक शंका आमच्या कानी वारंवार येते. "बुवा, परीक्षा एकच, पेपर एकच. मग एका मुलाला तीन तास आणि दुसऱ्याला चार, वर लिहायला माणूस! हा बाकीच्या पोरांवर अन्याय नव्हे काय?" अहो, विचारणारा काही दुष्ट नसतो. त्याची स्वतःची मुलगी पहाटेची गाडी धरून कॉलेजात जाते, रात्री उशिरापर्यंत वाचते. म्हणून या शंकेस "दया करा हो" एवढे उत्तर देऊन भागणार नाही. तिचा शास्त्रमार्गाने विचार केला पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपल्या देशात अपंग व्यक्तींसाठी १९९५ साली एक कायदा झाला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या कराराला भारताने २००७ साली मान्यता दिली आणि त्यास अनुसरून २०१६ साली नवा कायदा झाला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे गणलेली आहेत. डोळे व हातपाय यांपुरतीच ती नाहीत. वाचन-लेखनाची विशिष्ट अडचण, मानसिक आजार, रक्ताचे काही विकार हेही त्यांत आहेत. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असणाऱ्यांसाठी निदान पाच टक्के जागा राखाव्यात, असे त्यात सांगितले आहे. परीक्षेविषयी २०१८ साली केंद्र सरकारने सूचना काढल्या, त्यांत दर तासास कमीत कमी वीस मिनिटे जादा वेळ ठरविला. म्हणजे तीन तासांच्या पेपरास एक तास वाढीव. पारावरच्या शंकेतील "चार तास" आले ते हेच.

आता शास्त्राकडे वळू. हा प्रश्न आजचा नाही. पूर्वमीमांसेचा सहावा अध्याय अधिकाराचाच आहे. कर्म करण्यास योग्य कोण, याची तेथे चर्चा आहे. त्यात प्रश्न निघतो की, अंगहीन मनुष्यास यज्ञाचा अधिकार आहे काय? यज्ञात तूप डोळ्यांनी पाहावे लागते. आंधळा ते कसे पाहणार? यजमानाने विष्णुक्रम नावाची पावले टाकावयाची असतात. पांगळा ती कशी टाकणार? शास्त्रकारांनी उत्तर दिले की, दोष दूर होण्यासारखा असेल तर अधिकार आहे. कायमचा असेल तर नाही. एवढेच वाचून कोणी पोथी मिटील तर म्हणेल, झाले! शास्त्रानेच दार लावले.

परंतु पोथी अशी अर्ध्यावर मिटू नये. त्याच अध्यायात पुढे तिसऱ्या पादात दोन विचार येतात. पहिला यथाशक्तीचा. काम्य कर्म, म्हणजे एखाद्या फळाच्या इच्छेने केलेले कर्म, सर्व अंगांसह पुरे झाले पाहिजे. पण नित्य कर्म, जे केलेच पाहिजे असे कर्म, त्यात प्रधान सोडता येत नाही, अंगे मात्र जमतील तेवढी करावीत. दुसरा विचार प्रतिनिधीचा. यज्ञास साळीचे तांदूळ सांगितले आणि ते मिळाले नाहीत, तर नीवार म्हणजे रानातले देवभात घ्यावे. कर्जत हे भाताचे गाव आहे. एका भाताच्या जागी दुसरे भात चालते की नाही, हे येथील शेतकऱ्यास आम्ही सांगावयास नको. मात्र शास्त्र तेथेच बजावते की, द्रव्याला प्रतिनिधी चालतो, यज्ञाच्या स्वामीला चालत नाही. ज्याचा यज्ञ, त्यानेच यजमान असले पाहिजे.

हे दोन दिवे हातात घेऊन परीक्षेच्या मांडवात जाऊ. विद्यापीठ परीक्षा कशाची घेते? इतिहासाच्या पेपरात इतिहासाच्या ज्ञानाची, अर्थशास्त्राच्या पेपरात अर्थशास्त्राच्या ज्ञानाची. ते प्रधान. प्रश्न डोळ्यांनी वाचणे, उत्तर बोटांनी लिहिणे, तीन तासांत लिहिणे, दुसऱ्या मजल्यावरील वर्गात चढून जाऊन लिहिणे, ही सगळी अंगे. सोयीसाठी ठरविलेली. अंगासाठी प्रधान बुडवावे, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. ज्यास दिसत नाही त्याला प्रश्न वाचून दाखविला, तो बोलला ते दुसऱ्याने उतरून घेतले, तर हाताला प्रतिनिधी मिळाला, एवढेच झाले. उत्तर त्याचेच, चूक त्याचीच, गुणही त्याचेच. स्वामी बदलला नाही.

कोणी म्हणेल, जादा तास कशाला? तर तो तास ज्ञान वाढविण्यासाठी नाही. उत्तर तोंडाने सांगावयाचे, लिहिणाऱ्याने ऐकावयाचे, अडलेला शब्द पुन्हा सांगावयाचा, लिहिलेले परत वाचून घ्यावयाचे, आधीच्या पानावर काय आहे ते पुन्हा विचारावयाचे, यात वेळ जातो. डोळसाला मागचे पान एका दृष्टिक्षेपात दिसते. ज्या वाटेने तो जात नाही, त्या लांबच्या वाटेचा हा वेळ आहे. ज्याला उत्तर येत नाही, त्याला चार तास दिले काय आणि आठ दिले काय, पान कोरेच राहणार.

आपल्या संप्रदायास तर लेखनिकाचे नवल वाटण्याचे कारणच नाही. शके १२१२ मध्ये नेवासे येथे माउलींनी गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्ञानेश्वरी बाबांची आहे, असे आजवर कोणी म्हटले नाही. आणि त्याहून जवळचे उदाहरण प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचे. १८८१ साली अमरावती जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला, अगदी तान्हेपणी दृष्टी गेली, आणि १९१५ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी देह ठेवला. एवढ्या अवधीत त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचवून घेतले, ऐकून आत्मसात केले, आणि सांगून सांगून शंभराहून अधिक ग्रंथ लिहविले. आता कल्पना करा की, त्यांना कोणी म्हणाले असते, "महाराज, स्वतःच्या हाताने लिहाल तरच ग्रंथ मानू." नुकसान कोणाचे झाले असते? महाराजांचे थोडे, आपले फार.

आता आक्षेप पाहू. पहिला आक्षेप असा की, अशाने विद्येचा कस उतरेल. आंधळ्यास शस्त्रक्रिया करू द्यावयाची काय? येथेही अंग-प्रधानाचाच विवेक लावावा. जेथे हाताचे कौशल्य हेच प्रधान आहे, तेथे त्यास प्रतिनिधी नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण काय प्रधान आहे, ते डोळे मिटून ठरवू नये. महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्यास वैद्यकीय प्रवेश नाकारला गेला, कारण त्याच्या वाचादोषाचा आकडा चाळीस टक्क्यांच्या वर होता. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नुसत्या आकड्यावरून दार लावता येणार नाही; हा मुलगा हे शिक्षण घेऊ शकतो की नाही, ते तपासले पाहिजे. तपासणीत तो घेऊ शकतो असे ठरले. त्याआधी २०२१ साली हात आखडण्याचा विकार असलेल्या एका परीक्षार्थीस, त्याचे अपंगत्व चाळीस टक्के भरत नसतानाही, लेखनिक मिळण्याचा हक्क आहे, असा निर्णय त्याच न्यायालयाने दिला. दोन्ही निर्णयांचे तात्पर्य एकच निघते: आकडा पाहू नका, मनुष्य पाहा आणि काम पाहा.

दुसरा आक्षेप लबाडीचा. खोटे प्रमाणपत्र काढणारे निघतात, लेखनिकच उत्तरे सांगतो, असेही ऐकू येते. हे पाप आहे यात शंका नाही, आणि त्यात दुहेरी पाप आहे, कारण खऱ्या गरजवंताकडे सुद्धा लोक मग संशयाने पाहू लागतात. लेखनिक स्वामी झाला की यज्ञ भ्रष्ट झाला, असे शास्त्रच सांगते. त्यास शासन करावे. पण गंध-माळ घालून फसविणारे भोंदू निघाले म्हणून आपण वारी बंद केली नाही. चोर निघाला म्हणजे चोराला धरावे, देवळाला कुलूप लावू नये.

तिसरा आक्षेप कोणी मोठ्याने बोलत नाही, पण मनात असतो. "एवढा खटाटोप एकदोघांसाठी कशाला?" या आक्षेपाचे उत्तर आपल्या भागातच सापडते. खोपोलीच्या फाट्यावर पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी ही छोटी स्थानके आहेत. तेथून कॉलेजात जाणाऱ्या पोराने कर्जतेस गाडी बदलावयाची, म्हणजे जिने आणि गर्दी. डोंगराखालच्या वाडीवरून येणाऱ्यास तर स्थानक गाठण्याआधीच ओढा आणि चिखल. प्रमाणपत्राच्या तपासणीसाठी अलिबागेस जाण्याचा प्रसंग आला, तर बापाची एक दिवसाची मजुरी आणि दोघांचे भाडे. आमच्या परिचयाचा एक दृष्टिहीन विद्यार्थी आहे. लेखनिक देण्याचा नियम त्यास पाठ होता. कागदही पुरे होते. परीक्षेच्या सकाळी ठरलेला लेखनिक आला नाही, आणि दुसरा शोधीपर्यंत पाऊण तास गेला. नियम होता, माणूस नव्हता. दुसरी एक मुलगी कानाने अधू. तिला ओठांवरून बोलणे कळते. शिक्षक फळ्याकडे तोंड करून शिकवीत, तेव्हा तिच्यासाठी वर्ग मुका होई. तिने एकदा धीर करून सांगितले, तेव्हापासून शिक्षक मुलांकडे तोंड करून बोलू लागले. खर्च किती झाला? एक छदामही नाही. आणि मागच्या बाकावरच्या मुलांनाही ते जास्त स्पष्ट ऐकू येऊ लागले, हा लाभ वरती.

ज्यास पैसा लागतो असे कामही आहेच. उताराची वाट, तळमजल्यावरचा वर्ग, वाचून दाखविणारे यंत्र. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ साली दृष्टिहीनांसाठी स्वतंत्र साहाय्यकेंद्र निघाले. म्हणजे हे आपल्याच मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली घडू शकते. आणि येथे मीमांसेचा तो पहिला निर्णय पुन्हा आठवावा. दोष दूर होण्यासारखा असेल तर अधिकार आहे, असे त्यांनी म्हटले होते. त्या काळी डोळ्यांचा दोष दूर होण्यास एकच मार्ग होता, डोळे बरे होणे. आज संगणक पुस्तक वाचून दाखवितो. दोष देहात राहतो, पण विद्येच्या कर्मातून निघून जातो. तेव्हा शास्त्रकारांचे बोट धरूनच आपण म्हणू शकतो की, आजचा दृष्टिहीन विद्यार्थी अधिकारी आहे. साधन असून जो ते देत नाही, तो दोष मग विद्यार्थ्याच्या अंगी राहत नाही, न देणाऱ्याच्या अंगी येतो.

राहिला प्रश्न दयेचा. पुष्कळ सज्जन म्हणतात, "आम्ही दयेने करतो." दया थोर आहे, पण दयेला लहर असते. आज आली, उद्या नाही. शिवाय घेणाऱ्यास मान खाली घालावी लागते. कूर्मदासांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. हातपाय नसलेला हा भक्त पैठणाहून पंढरीस सरपटत निघाला. लऊळपर्यंत आला आणि देह चालेना. परंपरा सांगते की, तेव्हा विठ्ठल स्वतः लऊळास आले. कीर्तनात आम्ही हा प्रसंग सांगतो तेव्हा श्रोत्यांचे डोळे पाणावतात, देव किती दयाळू म्हणून. पण बारकाईने पाहा. कूर्मदासांनी आपला वाटा उचलला होता. शक्ती होती तेवढी सगळी वाट त्यांनी काटली होती. भेट हे प्रधान होते, चालणे हे अंग. उरलेली वाट देवाने चालली. त्यात उपकार कोणी केला नाही आणि कोणी घेतला नाही. भेट होण्यासाठी जो चालू शकत होता, तो चालला.

कॉलेजने, विद्यापीठाने आणि आपण उरलेली वाट चालावयाची, ती याच हिशेबाने. विद्यार्थ्याने अभ्यासात कुचराई करू नये, तेथे त्यास सूट मागण्याचा अधिकार नाही. आणि त्याने आपली वाट पुरी चालली असेल, तर जिन्याशी त्याला अडविण्याचा अधिकार दुसऱ्या कोणास नाही.

भाविक वाचकहो, शेवटी एक मागणे. कर्जत-खालापूरच्या गावोगावी दिंड्या आहेत, भजनी मंडळे आहेत, त्यांत शिकलेली मुलेमुली आहेत. परीक्षेच्या दिवसांत ज्यास लेखनिक हवा त्यास तो मिळालाच पाहिजे, एवढे एक व्रत प्रत्येक मंडळाने घ्यावे. लेखनिकाची पात्रता काय असावी ते कॉलेजात आधी विचारून घ्यावे, दोन नावे तयार ठेवावीत, म्हणजे एक आजारी पडला तर दुसरा उभा राहील. लिहिणाऱ्याने सांगितलेले अक्षरशः लिहावे, आपले शहाणपण त्यात घालू नये, आणि वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावे. पारावर जेथे आम्हांस ती शंका विचारली गेली, तेथेच पुढच्या सप्ताहात अशा मुलांची यादी करावी. शंका विचारणाऱ्या गृहस्थांची मुलगी लिहिण्यात हुशार आहे असे आम्ही ऐकतो. तिचे नाव त्या यादीत पहिले यावे, अशी आमची इच्छा आहे.