भाकरी आणि श्रद्धा

भुकेल्याच्या हाती भाकरी देताना आपली श्रद्धाही द्यावी काय, हा प्रश्न पंडिता रमाबाईंमुळे महाराष्ट्रापुढे उभा राहिला. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. पुढे ते पुण्यास आले. प्रार्थनेच्या वेळी त्या आपले दार उघडे ठेवीत, आणि काही मुली आत येऊन बसत. त्यावरून वाद पेटला व १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांनी सदनाशी संबंध सोडला.

आम्हांस दोन्ही बाजू कळतात. ज्या श्रद्धेने आपले जीवन पालटले ती लपवून ठेवणे हे प्रामाणिकपणाचे नव्हे. परंतु जिला दुसरा आसराच नाही, तिच्या होकाराला होकार कसे म्हणावे? मावल्यास येऊन बिऱ्हाड थाटणाऱ्या आमच्या वाडवडिलांनाही आश्रिताचा हा संकोच ठाऊक असणार. उपकारकर्त्याला 'नाही' म्हणवत नाही.

म्हणून दार उघडे असणे एवढेच आम्हांस पुरेसे वाटत नाही. श्रद्धा अवश्य सांगावी. मात्र ऐकणाऱ्याने ती नाकारली, तरी दुसऱ्या दिवशी त्याचे पान तितक्याच मायेने वाढले जावे. ही खात्री त्याला आधी हवी.