हक्कसोड

रविवारच्या मिस्सेत प्रभूची प्रार्थना झाली की धर्मगुरू सांगतात, एकमेकांना शांती द्या. मग दोन-तीनशे माणसं हात जोडून आजूबाजूला वळतात. डावीकडे मान झुकवायची, उजवीकडे झुकवायची, मागच्या बाकावरच्या म्हातारीकडे बघून हसायचं. मिनिटभरात आटोपतं. वसईतल्या आमच्या चर्चमध्ये मी लहानपणापासून हे बघत आलोय. आणि कोण कुठल्या बाकावर बसतं, तेही बघत आलोय. बांधावरून ज्यांचं वाजलंय ते दोन चुलतभाऊ कधी एका रांगेत बसत नाहीत. एक वेदीजवळ, तर दुसरा दाराशी. त्यामुळे शांती द्यायची वेळ येते तेव्हा जिला ती द्यायला हवी ती व्यक्ती हाताच्या टप्प्यात नसतेच. ही बैठक कुणी ठरवलेली नाही, पण सगळ्या गावाला पाठ आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानात, डोंगरावरच्या प्रवचनात, येशूने नेमकी हीच घडी पकडली आहे. माणूस वेदीपाशी अर्पण घेऊन उभा आहे आणि त्याला आठवतं, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे. येशूचं सांगणं असं, की मग अर्पण तिथेच राहू द्यावं, आधी जाऊन भावाशी समेट करावा आणि मग परत यावं.

हे आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की त्यातली अडचण आता कानाला लागतच नाही. प्रवचन ऐकणारी माणसं गालीलातली होती, शेतकरी आणि मासेमारी करणारी. वेदी होती यरुशलेमच्या मंदिरात. मधलं अंतर शंभर किलोमीटरहून जास्त, म्हणजे पायी तीन-चार दिवसांची वाट. एवढं चालून, पदरचे पैसे मोडून कोकरू किंवा पारव्यांची जोडी घेऊन माणूस वेदीपुढे पोचला, आणि तिथे त्याला भाऊ आठवला. आता म्हणे परत फिर. चार दिवस मागे, भावाच्या दारात, आणि मग पुन्हा चार दिवस पुढे. ते कोकरू तोवर कुणी सांभाळायचं, हे येशूने सांगितलेलं नाही. ऐकणाऱ्यांपैकी निदान एक-दोघे तरी हसले असतील, असं मला वाटतं.

या सांगण्यात आणखी एक खोच आहे, आणि ती माझ्या ध्यानात यायला पन्नाशी उलटावी लागली. ‘तुझ्या मनात भावाविषयी राग असेल तर’ असं येशू इथे म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असं म्हणतो. आपण सद्विवेक तपासायला बसतो तेव्हा स्वतःचं मन उघडून बघतो: माझा कुणावर राग आहे का? नाही. मी सगळ्यांना क्षमा केली आहे का? हो. झालं, पाटी कोरी. येशू मात्र ती पाटी आपल्या हातातून काढून घेतो आणि समोरच्याच्या हातात देतो. तुझं मन स्वच्छ असेल, पण त्याच्या वहीत तुझ्या नावावर काय लिहिलंय? ख्रिस्ती नीती जगायची म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं, तर मी हीच वही पुढे करीन. दया, क्षमा, सेवा हे शब्द फार मोठे आहेत आणि त्यांच्या आडोशाला लपायला भरपूर जागा आहे. दुसऱ्याच्या वहीपुढे लपता येत नाही.

आमच्या घरची वही मला माहीत आहे, म्हणून तिच्याविषयी बोलतो.

आजोबांची वाडी वीस गुंठ्यांची. केळी, पानवेल, कडेने माड आणि मधोमध विहीर. आजी आधीच गेली होती, आजोबा मृत्युपत्र न करता गेले. मागे दोन मुलगे, दोन मुली: माझे बाबा, काका आणि दोन आत्या. 1996 साली आत्यांच्या हक्कसोडपत्रासाठी आम्ही सगळे तालुक्याच्या निबंधक कार्यालयात गेलो होतो. मोठी आत्या आगाशीहून एसटीने आली, धाकटी मुंबईहून लोकलने. व्हरांड्यात वकिलाने स्टॅम्प पेपर वाचून दाखवला. कोणत्याही दडपणाशिवाय, स्वखुशीने, विनामोबदला, भावांवरील प्रेमापोटी. ‘विनामोबदला’ या शब्दावर तो किंचित अडखळला, कारण टायपिस्टने ‘दला’ वेगळं तोडून खालच्या ओळीवर टाकलं होतं. मोठ्या आत्याने सही केली. धाकटीने सहीबरोबर अंगठाही उठवला आणि निळी शाई पुसायला जागा सापडेना म्हणून तो तसाच मुठीत धरून ठेवला. नंतर बाजूच्या हॉटेलात सगळ्यांनी मिसळ खाल्ली. बाबांनी दोघींना साड्या घेतल्या होत्या. त्याही तिथेच, मिसळीच्या टेबलावर दिल्या गेल्या.

बाबा वाईट नव्हते. त्यांनी कधी कुणाचा पैसा बुडवला नाही, वाडीवर येणाऱ्या मजुरांची मजुरी ते दिवस मावळायच्या आत चुकती करत. मजुरांची अडवलेली मजुरी देवापाशी ओरडते, हे याकोबाच्या पत्रातलं त्यांना तोंडपाठ होतं. त्या दिवशीसुद्धा आपण काही हिसकावून घेतोय असं त्यांच्या मनात आलं नसणार. गावात सगळ्यांकडे असंच चालतं. बहिणी सही करतात, भाऊ माहेर उघडं ठेवतात. हा व्यवहार इतका जुना आहे की त्याला कुणी व्यवहार म्हणतच नाही, माया म्हणतात.

कायदा मात्र वेगळं बोलतो. आम्हा ख्रिस्ती लोकांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू आहे आणि त्यात मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी असा भेदच नाही. चौघांना प्रत्येकी पाच गुंठे, सरळ हिशेब. केरळात जुन्या त्रावणकोरमधल्या ख्रिस्ती बायकांना बापाच्या मालमत्तेतला हाच समान वाटा मिळवायला मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, 1986 साली निकाल लागला. आमच्याकडच्या बायकांना तो कागदावर आयताच होता. म्हणून तो त्यांच्याकडून दुसऱ्या कागदावर सोडवून घ्यावा लागला.

याच वसईने 1988 मध्ये हरित वसई संरक्षण समिती उभी केली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते आणि त्यांच्यामागे गावंच्या गावं उभी राहिली. विहिरींचं पाणी टँकरने उपसून नेणाऱ्यांविरुद्ध आणि वाड्या गिळणाऱ्या बिल्डरांविरुद्ध लोक रस्त्यावर आले. त्या लढ्याचा मला आजही अभिमान वाटतो. पण वाडी वाचवायला मोर्चात चाललेल्या किती बायकांचं नाव त्यांच्या माहेरच्या वाडीच्या सातबाऱ्यावर होतं, हा प्रश्न तेव्हा आम्ही कुणी विचारला नाही. बिल्डरवर बोट रोखणं सोपं होतं, तो बाहेरचा होता.

इथे एक शंका रास्त आहे. दुसऱ्याच्या मनात काही आहे म्हणून आपण धावत सुटायचं, तर जगणं कठीण होईल. लोक उगाचही रुसतात, खोटी गाऱ्हाणी घेऊन बसतात. खरं आहे. समेट करणं म्हणजे दुसऱ्याचं सगळं कबूल करणं नव्हे. जाऊन विचारणं, एवढं तर नक्की. गाऱ्हाणं खोटं निघालं तरी ते ऐकण्यात आपली फार तर एक दुपार जाते.

दुसरी शंका जास्त गंभीर आहे. क्षमा आणि समेट यांच्या नावाखाली दुबळ्याचीच मान वाकवली जाते. नवरा मारतो, आणि सल्ला मिळतो बायकोला, की सत्तर वेळा सात क्षमा कर. अशी वाक्यं मी ऐकली आहेत, चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकली आहेत. पण वेदीपाशीच्या त्या माणसाकडे पुन्हा बघा. चालायचं कुणी आहे? ज्याच्या विरुद्ध तक्रार आहे त्याने. पायपीट अन्याय करणाऱ्याच्या वाट्याला आली आहे, सोसणाऱ्याच्या नाही. सोसणारा आपल्या घरी आहे, आणि त्याने दार उघडलंच पाहिजे अशी अटसुद्धा तिथे घातलेली नाही.

आणि पोचल्यावर करायचं काय, ते जक्कयने दाखवून ठेवलंय. हा यरिहोचा मुख्य जकातदार, बुटका, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा त्याने माफीचं भाषण केलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणाला, आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत करतो म्हणाला. पश्चात्तापाला आकडा असतो, हे त्या जकातदाराला बरोबर कळलं. आम्ही चाळीस दिवस मांस सोडतो, कपाळाला राख लावतो, पण आकड्यापाशी आलो की अडखळतो.

हीच वही समाजाच्याही हातात आहे. जात मागे टाकून आम्ही ख्रिस्ताकडे आलो, असं आम्ही म्हणतो. पण दलित ख्रिस्ती बांधवांच्या वहीत आमच्याविषयी काय लिहिलंय, ते वाचायला आम्हाला फार उशीर लागला. भारतातल्या कॅथॉलिक बिशप परिषदेने 2016 साली दलितांच्या सबलीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि चर्चच्या आतही अस्पृश्यता पाळली जाते, हे त्यात मान्य केलं. कबुली कागदावर आली, ठीक. पण अशा गोष्टी शेवटी पाण्याच्या घागरीपाशीच सुटतात. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये स्वतःला सोडलेलं नाही, म्हणून ते पुस्तक मला प्रवचनापेक्षा मोठं वाटतं. त्यांचे पती टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. बाई पुढे त्यांच्याकडे राहायला आल्या तरी सोवळं सांभाळून, आपलं अन्न-पाणी वेगळं ठेवून राहिल्या. जात त्यांच्या मनातून गेली, आणि मग त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. आधी घागर, मग वेदी. येशूने सांगितलेला क्रम त्यांना कुणी न शिकवता साधला होता.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. महिन्याच्या मिस्सेनंतर माझ्या बहिणीने स्वतःच विषय काढला.

“दादा, तो कागद कधी करायचा ते सांग. मला सुट्टी काढावी लागेल.”

मी विचारलं, “कुठला कागद?”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची थट्टाच करतोय. मी ‘पुढच्या सोमवारी’ म्हणालो असतो तर तिने विनातक्रार सही केली असती, मिसळ खाल्ली असती आणि साडीचं कौतुकही केलं असतं. तिच्या मनात माझ्याविषयी काहीच नव्हतं. हीच गोष्ट मला भीतीदायक वाटली. हक्क आहे हेच जिच्या मनात येऊ दिलेलं नाही, तिची वही कोरी असायचीच. अशा कोऱ्या वहीवर समाधान मानणं हा सगळ्यात सोयीचा धर्म.

त्या आठवड्यात मी मोठ्या आत्याकडे गेलो. धाकटी आता नाही. आत्या ओसरीवर लसूण सोलत होती. 1996 चा विषय काढला, तसे तिचे हात थांबले नाहीत. मी विचारलं, “आत्या, तुला तेव्हा वाईट वाटलं होतं का?”

“वाटायचं काय त्यात. भावांना लागत होती जमीन.” बऱ्याच वेळाने म्हणाली, “पण व्हरांड्यात तुझे बाबा नि काका खताचं बोलत होते. आम्हाला विचारलं नाही कुणी. वकिलाने विचारलं फक्त.”

मग तिने सोललेला लसूण वाटीत भरला आणि मला चहा विचारला.

बहिणीशी माझं काम सोपं होतं, काहीही न करण्याचं. आम्ही तलाठ्याकडे वारसनोंद केली आणि बाबांच्या दहा गुंठ्यांवर दोघांची नावं लावली. दोन आत्यांच्या वाट्याची दहा गुंठे जमीन बाबा-काकांनी निम्मी निम्मी घेतली होती. म्हणजे बाबांच्या दहांतले पाच गुंठे मुळात आत्यांचे. जक्कयचं चौपट राहू द्या, जेवढ्यास तेवढं परत करायचं तरी बक्षीसपत्र करावं लागेल. बहीण तयार आहे. काकांचे मुलगे म्हणतात, मेलेल्या गोष्टी उकरू नका. माझा मुलगा काही बोलत नाही, पण तो जागेचे भाव बघत असतो, हे मला माहीत आहे.

सातबाऱ्यावर आता माझ्या बहिणीचं नाव आहे. आत्याचं नाही. ते बक्षीसपत्र मी अजून केलेलं नाही, आणि आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे.