तोपी नाही, तोपी!

शेजारची सव्वादोन वर्षांची पोर रोज सकाळी फाटकात उभी राहून मला हटकते, "आजोबा, तोपी?" मी टोपी विसरलेलोच असतो. परवा गंमत म्हणून मीही म्हटलं, "अगं हो, माझी तोपी कुठंय?" तर बाईसाहेब चिडल्या. "तोपी नाई, तोपी!" मी पुन्हा 'तोपी' म्हटलं, तिनं पाय आपटला. शेवटी 'टोपी' म्हटलं तेव्हा कुठे मान डोलली. "हां. तोपी."

म्हणजे ट तिच्या कानात पक्का बसलाय. जीभच अजून टाळूकडे वळायला तयार नाही. १९६० साली अमेरिकेत जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी असाच एक मुलगा नोंदवून ठेवला. आपल्या खेळण्यातल्या माशाला तो 'फिस' म्हणे, पण मोठ्यांनी 'फिस' म्हटलं की ते त्याला अजिबात चालत नसे.

आमच्या कॅनडातल्या सूनबाईंचं नेमकं उलटं. 'ताट' म्हणताना पहिला त आणि शेवटचा ट त्यांना एकच वाटतो. फरक करून दाखवा म्हटलं तर हसतात; ऐकूच येत नाही म्हणे. आणि एके काळी त्यांनाही तो ऐकू येत असणार! व्हँकुव्हरच्या जॅनेट वर्कर यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले ट आणि त ऐकवले. आवाज बदलला की बाळ मान वळवी, कारण मग बाजूचं खेळणं उजळून हलू लागे. सहा ते आठ महिन्यांची जवळजवळ सगळी बाळं हा फरक पकडत. वर्षाच्या आसपासच्या बहुतेकांना तो जमेना. हिंदी घरातल्या तेवढ्याच वयाच्या बाळांना मात्र सहज जमे. जपानी बाळांचं र आणि ल बाबत तेच होतं.

ऐकून हळहळ वाटते खरी. पण घरात ज्या फरकानं काही अडत नाही, तो ऐकत बसलं तर दूध कुठलं आणि दार कुठलं हे कधी कळायचं?

काल आमच्या शेजारणीनं निघताना हात हलवून 'टाटा' केलं. अगदी स्वच्छ, दोन्ही ट खणखणीत. मी लगेच डोक्याकडे बोट दाखवलं, "आणि हे काय?"

"तोपी."